कड्याखालचे किनारे: ब्लॅक्स बीचला उतरण्याआधी (सॅन डिएगो)

शेवरी:
गेल्या महिन्यात आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कुणीतरी ब्लॅक्स बीचचा सूर्यास्ताचा फोटो टाकला. खाली एवढंच लिहिलं होतं, 'लपलेला किनारा आहे, गर्दी नाही, नक्की जा.' त्या शनिवारी चार कुटुंबं गेली. मोबाईलच्या नकाशाने सगळ्यात जवळची वाट दाखवली आणि ती नेमकी हो ची मिन्ह ट्रेल निघाली. तिला वाट म्हणतात, पण खरी ती पावसाने कोरलेली घळ आहे. एका जागी दोन्ही खांदे भिंतींना घासतात, एका जागी पाय टेकायला खाली चाचपडावं लागतं. एक आई पाच वर्षांचं पोर कडेवर घेऊन त्या घळीत अर्ध्यावर अडकली. वर चढवेना, खाली उतरवेना. खालून येणाऱ्या दोन सर्फर पोरांनी आपले बोर्ड भिंतीला टेकवले आणि मुलाला हातोहात खाली घेतलं. सगळे सुखरूप घरी आले. हे ऐकल्यापासून माझ्या मनातून ते जात नाही, म्हणून हा धागा.

मी सांगलीची. कृष्णेत पोहायला शिकले, समुद्र मला तिशीनंतर भेटला. सॅन डिएगोत अकरा वर्षं झाली, त्यातली सात सर्फिंगची. ब्लॅक्सवर माझा फार जीव आहे. इथे येऊच नका असं मी म्हणणार नाही. या, पण परत वर कसं यायचं ते ठरवून मगच खाली उतरा.

जागा अशी आहे. ला होयाच्या उत्तरेला, टॉरी पाइन्सच्या कड्यांच्या पायथ्याशी ही वाळू आहे. कडे साधारण ३०० फूट उंच. वर सॉल्क इन्स्टिट्यूट, विद्यापीठ आणि ग्लायडरपोर्ट, म्हणजे कड्याच्या टोकावरून पॅराग्लायडर उडतात ती जागा. वरून खालचा समुद्र अगदी हाताशी वाटतो. गाडी मात्र खालपर्यंत जात नाही, आणि किनारा आजवर मोकळा राहिला तो तेवढ्याचमुळे.

उतरायचं असेल तर ला होया फार्म्स रोडवरून एक डांबरी रस्ता खाली जातो. फाटकाला कुलूप असतं, पण ते गाड्यांसाठी. पायी माणसाला मोकळीक आहे. खाली जाताना सोपा, वर येताना दम काढणारा. दुसरी वाट ग्लायडरपोर्टवरून, लाकडी पायऱ्यांची आणि मातीची, जास्त उभी. पाऊस पडून गेला की चार-पाच दिवस मी तिकडे फिरकत नाही. तिसरी ती घळ. तिचा विषय माझ्यापुरता संपला.

आणि खाली पोचल्यावर कड्याला टेकून बसायचं नाही. सावली तिथेच असते, म्हणून सगळे तिथेच चटया पसरतात. हे कडे म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ नव्हे. साडेचार-पाच कोटी वर्षांपूर्वी समुद्रात साचलेल्या वाळूचे आणि चिखलाचे ते थर आहेत. नखाने खरवडलं तर पिवळी भुकटी बोटाला लागते. वरून पाणी मुरतं, खालून लाटा पाया खातात, आणि एक दिवस भिंत खाली येते. जानेवारी २०२३ मध्ये ब्लॅक्सवरच कड्याचा मोठा भाग वाळूवर कोसळला, त्याचं चित्रण आजही पाहायला मिळतं. त्याआधी २ ऑगस्ट २०१९ ला इथून थोडं उत्तरेला एन्सिनिटासच्या ग्रँडव्ह्यू किनाऱ्यावर कडा कोसळून एकाच कुटुंबातल्या तीन बायका गेल्या. पाऊस नव्हता, वादळ नव्हतं. उन्हाळ्यातली लख्ख दुपार होती आणि माणसं घडीच्या खुर्च्या टाकून बसली होती.

तुमचे अनुभव लिहा, शंका विचारा. मला माहीत आहे तेवढं सांगेन.

अनघड:
फार गरजेचा धागा. एक प्रश्न स्पष्टच विचारते. तिथे लोक विवस्त्र असतात असं ऐकलं. मुलांना घेऊन जावं का?

शेवरी:
अनघड, बरं झालं विचारलंत. हो, असतात. सत्तरच्या दशकात शहराने काही वर्षं तशी अधिकृत मुभा दिली होती, १९७७ मध्ये मतदारांनी ती काढून घेतली. तरी उत्तरेकडच्या भागात ती रीत आजही चालू आहे. दक्षिणेकडे, डांबरी रस्ता जिथे वाळूला लागतो तिथे, बहुतेक सर्फर आणि फिरायला आलेली माणसं असतात. आपण पायथ्यापासून डावीकडे, म्हणजे दक्षिणेकडे राहिलं तर मुलांसोबत अवघड वाटत नाही. मात्र मोबाईल बाहेर काढून कुणाचेही फोटो घेऊ नका. त्यांना ते अजिबात आवडत नाही, आणि ते बरोबरच आहे.

निळाई:
आम्ही मागच्या वर्षी केरळात वर्कलाला गेलो होतो. तिथेही अगदी हेच दृश्य. वर कड्याच्या काठाने हॉटेलं, खाली पापनाशमची वाळू आणि सर्फिंग शिकवणारी पोरं. तांबडा जांभा वर, खाली मऊ थर. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्या कड्याला भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिलाय, आणि त्याच कड्याच्या कडेला लोक सेल्फीसाठी पाय सोडून बसतात. आमच्या समोर काठावरची माती सुटून खाली गेली, मुठीएवढीच. खाली एक बाई टॉवेलवर झोपली होती, तिच्यापासून दोन हातांवर ती पडली. तिला कळलंही नाही. कड्यापासून नक्की किती लांब बसायचं, याचा काही हिशोब आहे का?

शेवरी:
निळाई, मी स्वतः कड्याच्या उंचीइतकं अंतर धरते. भरतीच्या वेळी ब्लॅक्सवर तेवढी वाळूच उरत नाही. मग मी तेव्हा जातच नाही. वाळूवर ताजे ढेकळं-दगड पडलेले दिसले, किंवा भिंतीवर आजूबाजूच्या रंगापेक्षा उजळ, नवा ओरखडा दिसला, की तिथून पाय उचलायचा. वरच्या काठालाही तोच नियम. काठ बऱ्याचदा खालून पोखरलेला असतो आणि वर उभ्या माणसाला ते दिसत नाही.

खडपी:
मी देवगडकडचा. तुमचा धागा वाचला आणि आवडला, पण एक गोष्ट मनाला लागली म्हणून लिहितोय. तुम्ही रस्त्याचं नाव, फाटक, पायवाट सगळं उघड लिहिलंत. आमच्याकडे सड्याखाली, म्हणजे कातळाच्या पठाराखाली, असे लहान लहान पुळणीचे, वाळूचे तुकडे आहेत, जिथे अजून फक्त कालवं काढणाऱ्या बाया आणि गळ टाकणारे उतरतात. एकाचं नाव दोन वर्षांपूर्वी व्हिडिओत आलं. आता शनिवार-रविवारी सड्यावर गाड्यांची रांग, आणि सोमवारी खडपात बाटल्यांच्या काचा. अनवाणी उतरणाऱ्या बाईच्या पायाला काच लागली की तिचा आठवडाभराचा धंदा बसतो. लपलेल्या जागा लपलेल्या राहू द्याव्यात, असं माझं ठाम मत आहे.

शेवरी:
खडपी, तुमचं म्हणणं मी दोनदा वाचलं. तुमच्या पुळणीचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत, ते योग्यच केलंत. मीही इथल्या दोन जागांची नावं कधीच लिहिणार नाही, कारण तिथे दहा माणसं गेली तर अकराव्याला उभं राहायला वाळू नाही.

ब्लॅक्सचं तसं नाही. ते नाव प्रत्येक नकाशावर आहे. कॅलिफोर्नियात सरासरी भरतीरेषेखालचा किनारा सगळ्या लोकांचा, आणि १९७६ च्या किनारा कायद्याने तिथवर पोचण्याचा हक्कही जपला. लोक येणारच आहेत. चुकीच्या घळीतून येण्यापेक्षा डांबरी रस्त्याने यावेत, म्हणून मी वाट लिहिली. पण तुमची काच मी लक्षात ठेवीन. आमच्याकडेही रविवारी संध्याकाळी काही सर्फर पिशव्या भरून कचरा वर नेतात, ३०० फूट चढून. पुढच्या वेळी आपल्या गटातून जो जाईल त्याने एक रिकामी पिशवी खिशात टाकून जावं.

खडपी:
हे पटलं. नकाशावरची जागा आणि गावाची जागा यात फरक आहे, तो मी केला नव्हता. एक भर घालतो. माझे आजोबा रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायचे. ते म्हणायचे, 'दर्याक पाठ करून उभो रवू नको.' खडपावर मरणारा माणूस बहुतेक फोटोसाठी समुद्राकडे पाठ करून उभा असतो. दहा लाटा गुडघ्याएवढ्या येतात, अकरावी छातीएवढी.

लाटकरी:
सर्फिंग करणाऱ्यांसाठी थोडं लिहाल का? मी गोव्यात मांद्रे-आश्वेच्या बाजूला दोन हिवाळे शिकलो, कंबरभर लाटांवर. जानेवारीत कामासाठी सॅन डिएगोला येतोय. ब्लॅक्सच्या लाटा शेजारच्या किनाऱ्यांपेक्षा दुप्पट असतात म्हणतात, ते खरं का? आणि का?

शेवरी:
लाटकरी, हा माझा सगळ्यात आवडता विषय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

ब्लॅक्सच्या समोर पाण्याखाली एक दरी आहे, स्क्रिप्स कॅन्यन. तिचं तोंड किनाऱ्याच्या अगदी जवळ येतं. लाट खोल पाण्यात वेगाने धावते आणि उथळ पाण्यात मंदावते. एकच लांबलचक लाट किनाऱ्याकडे येताना तिचा मधला भाग दरीवरून पुढे धावतो आणि बाजूचे भाग उथळावर मागे रेंगाळतात. त्यामुळे लाट वाकते. दरीच्या तोंडाशी तिचा जोर पसरून जातो आणि दरीच्या कडेच्या उथळावर गोळा होतो. ब्लॅक्स नेमकं त्या कडेला आहे. दक्षिणेला थोड्याच अंतरावर ला होया शोअर्स आहे, तिथे दुसऱ्या दरीच्या तोंडाशी त्याच दिवशी लहान मुलं घोटाभर पाण्यात खेळत असतात. मी एकदा सकाळी शोअर्सला गुडघाभर लाटा बघून तशीच ब्लॅक्सला गेले, तर तिथे माझ्या डोक्याच्या वर भिंत फुटत होती. मी पाण्यात न जाता तासभर वाळूत बसून बघत राहिले.

हा परिणाम लांब पल्ल्याच्या लाटांना जास्त होतो. अंदाज बघताना नुसती उंची बघू नका, दोन लाटांमधले सेकंद बघा. ८ सेकंदांची चार फुटी लाट आणि १७ सेकंदांची चार फुटी लाट यांत फार अंतर आहे. १७ सेकंदांवाली दूरच्या वादळातून आलेली असते, तिचा जोर खोलवर असतो, म्हणून तिला तळ लवकर लागतो आणि ती जास्त वाकते, जास्त उभी राहते. या लाटा किती दुरून येतात ते इथल्याच स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेतले वॉल्टर मंक आणि त्यांचे सहकारी शोधत होते. १९६३ मध्ये त्यांनी अंटार्क्टिकाकडच्या वादळांतून निघालेल्या लाटांचा माग प्रशांत महासागर ओलांडून थेट अलास्कापर्यंत काढला. कड्यावर उभं राहून खालच्या समांतर रेषा पाहिल्या की मला दर वेळी ते आठवतं.

जानेवारी म्हणजे इथला मोठ्या लाटांचा काळ. दोन हिवाळे कंबरभर लाटांवर काढलेल्याने तेव्हा ब्लॅक्सला उतरू नये, हे मी तुम्हाला धाकट्या भावाला सांगावं तसं सांगते. शोअर्सला जा. पाणी १४-१५ अंशांचं असतं, गोव्याची सवय विसरा, जाड वेटसूट हवा. ब्लॅक्स बघायला मात्र जरूर या. वरून निदान अर्धा तास बघा, कारण मोठ्या लाटांचा सेट कधी कधी वीस मिनिटांनी येतो. पाच मिनिटं बघून समुद्र शांत आहे असं ठरवणारा माणूस फसतो.

आणि ज्या दिवशी पाण्यात जाल त्या दिवशी, लाट जिथे पहिल्यांदा फुटते त्याच्या सगळ्यात जवळ जो आहे त्याची ती लाट. आपण तिच्यात घुसायचं नाही. बाहेर जाताना लोक लाट घेत असतात त्या वाटेने न जाता वळसा घालून जायचं. इथले जुने सर्फर कडक आहेत असं ऐकाल. मला तरी कुणी टोचून बोललं नाही, पण पहिले तीन महिने मी कडेलाच थांबत होते, पडणाऱ्याचा वाहून आलेला बोर्ड धरून देत होते. कुणाच्या वाड्यात पहिल्यांदा जेवायला गेलो की आपण पाट कुठे मांडलाय ते बघून बसतो ना, तसं.

लाटकरी:
ताई, मनापासून आभार. शोअर्सलाच जाईन. पाकटांचं, त्या काटेवाल्या चपट्या माशांचं काय? तिथे खूप असतात म्हणे.

शेवरी:
असतात, विशेषतः उन्हाळ्यात, उथळ कोमट वाळूत. पाय उचलून टाकायचा नाही, वाळूत घसटत न्यायचा, म्हणजे पाकट आधीच उठून जातं. डंख लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, वेदना उतरते. ब्लॅक्सला गरम पाणी ३०० फूट वर आहे, हे ध्यानात असू द्या.

अनघड:
भरती-ओहोटीबद्दलही लिहाल का? ते राहिलं.

शेवरी:
माझ्यावर गुदरलेला प्रसंगच सांगते. चार वर्षांपूर्वीची जुलैतली पौर्णिमेच्या आसपासची संध्याकाळ. मी आणि नवरा टॉरी पाइन्सच्या वाहनतळावरून वाळूने दक्षिणेला ब्लॅक्सकडे चालत निघालो, चार वाजता. पाणी उतरलेलं, रुंद ओली वाळू, कुठे घाई नाही. साडेसातला परत फिरलो तेव्हा फ्लॅट रॉक नावाच्या खडकाच्या पुढे वाळूच नव्हती. लाट थेट कड्याच्या पायाला जाऊन आपटत होती आणि परत येताना दगडगोटे ओढून नेत होती. तो आवाज मी विसरलेले नाही, रिकाम्या हंड्यात खडे घोळवावेत तसा. नवरा म्हणाला, दोन लाटांच्या मध्ये पळत जाऊ. मी त्याचा दंड धरून ठेवला. फ्लॅट रॉकपासून वर राखीव वनात एक पायवाट जाते, तिने चढलो आणि वरच्या रस्त्याने अंधारात गाडीपर्यंत आलो. ती पायवाट आम्हाला ठाऊक होती हा निव्वळ योगायोग. त्याच्या आदल्या वर्षी कुणासोबत तरी टॉरी पाइनची झाडं बघायला तिकडे गेलो होतो, एवढंच.

तेव्हापासून मी आधी भरतीचं कोष्टक बघते, मग हवामान. इथे दिवसातून दोन भरत्या, पण दोन्ही सारख्या नसतात. उन्हाळ्यात मोठी भरती रात्री येते, म्हणून संध्याकाळी रेंगाळणारे सापडतात. हिवाळ्यात उधाणाची मोठी भरती सकाळी, आणि दुपारी तीनच्या सुमाराला खूप खोल ओहोटी. डिसेंबर-जानेवारीतली अमावास्या-पौर्णिमेची दुपार वाळूत चालायला सगळ्यात सुरक्षित. पाणी सगळ्यात खाली जायच्या आधी तासभर उतरा, ते पुन्हा चढू लागलं की परत फिरा. रात्री तर अजिबात नको. मार्च २०२३ मध्ये रात्री धुक्यात इथेच दोन होड्या उलटून आठ माणसं बुडाली. परदेशातून इकडे यायला निघालेली माणसं होती ती. त्यानंतर कितीतरी दिवस मी पाण्यात गेले नाही.

खडपी:
आमच्याकडे उधाण आणि भांग, म्हणजे मोठी भरती आणि लहान भरती, हे शब्द पोरांना शाळेच्या आधी कळतात. तिकडे जन्मलेल्या मुलांना कोष्टक वाचायला शिकवा, पोहण्याइतकंच ते गरजेचं.

मांडवी_मिरामेसा:
शेवरीताई, धागा अगदी वेळेवर आला. बाबा रत्नागिरीहून पुढच्या आठवड्यात येतायत. वय ६९, गुडघे जरा कुरकुरतात. हयात मांडवीवर गेली, त्यामुळे आल्याबरोबर समुद्र म्हणणार. त्यांना खाली नेऊ शकतो का? आणि ब्लॅक्स हे नाव काळ्या वाळूवरून आहे का? आमच्या मांडवीला काळा समुद्र म्हणतात, त्यामुळे त्यांना भारी उत्सुकता आहे.

शेवरी:
नाव वाळूवरून नाही. वर ब्लॅक नावाच्या कुटुंबाची घोड्यांची जागा होती, त्यांच्यावरून पडलं. बाबांना डांबरी रस्त्याने सावकाश नेता येईल. उतरायला वीस मिनिटं लागली तर चढायला पाऊण-एक तास धरा. गुडघ्यांना उतारच जास्त त्रास देतो, काठी असू द्या. पाणी आणि खायला काहीतरी न्या, खाली काहीही मिळत नाही. कड्याखाली फोनला रेंज जाते-येते, म्हणून वर कुणाला तरी सांगून ठेवा. त्यांना अर्ध्यावर नको वाटलं तर तिथूनच परत फिरा. ग्लायडरपोर्टच्या कट्ट्यावरून दिसणारा समुद्रही मन भरेल इतका आहे.

मांडवी_मिरामेसा:
काल जाऊन आलो, म्हणून कळवतो. पौर्णिमा होती. बाबांना लहानपणापासूनचा हिशोब पाठ आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. वर फाटकापाशी घड्याळ बघून म्हणाले, 'आत्ता दोन वाजलेत, अजून पाणी वरच असणार, कशाला उतरायचं?' मी कोष्टक दाखवलं. सकाळी आठला भरती, तीनला ओहोटी. त्यांचा विश्वास बसेना. खाली गेलो तर लांबवर ओली वाळू उघडी पडलेली. बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, 'तीन तासांचा फरक. इथला चंद्र तोच, पण दर्याची चाल वेगळी.' वहीत लिहून घेतलं त्यांनी.

कड्यापासून लांब बसलो. दोनदा वरून खडे घरंगळल्याचा आवाज आला, तेव्हा तुमची आठवण झाली. चढताना चार ठिकाणी थांबलो, पंचावन्न मिनिटं लागली. एका सर्फर मुलीने स्वतःहून बाबांना हात दिला.

शेवरी:
वाचून फार बरं वाटलं. वाळू कशी वाटली त्यांना?

मांडवी_मिरामेसा:
तेच लिहिणार होतो. ओल्या वाळूत काळ्या रेघा दिसल्या, लाटेने ओढलेल्या. बाबा खाली बसले, चिमूट उचलली, तळहातावर पसरली. काळे कण आणि मध्ये सोन्यासारखे चकाकणारे बारीक पापुद्रे. म्हणाले, काळी आपल्याकडची वाटते, पण हे चमकणारं आपल्याकडे नाही. रुमालाच्या कोपऱ्यात बांधून घेणार होते. मग हात झटकला आणि वाळू तिथेच सोडली. घरी येईपर्यंत नखात थोडी राहिली होती.